वेशीबाहेरून पाहिलेली महापालिका

संस्थेचा इतिहास लिहायला सहसा संस्थेतलाच कुणी जाणता माणूस बसवतात. कोल्हापूरच्या नगरसंस्थेचा हा इतिहास मात्र कळंब्याच्या बाजूने लिहिला आहे, आणि कळंबा तर महापालिकेच्या हद्दीत नाही. सरकारी दप्तरात आमच्या गावाचे नाव ‘कळंबे तर्फ ठाणे’, तालुका करवीर. आमचे मत ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. महापालिकेच्या मतदानाला आमच्या बोटाला शाई लागत नाही. तरीही मोजणीच्या दिवशी शिवाजी पेठेत गुलाल कुणाचा, राजारामपुरीत कोण काठावर वाचला, हे आमच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत तोंडपाठ असते. आणि ते साहजिक आहे. शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायलेले पाणी आमच्या शिवारातल्या तलावाचे, महापालिकेच्या केएमटीची बस आमच्या दारापर्यंत येणारी, आणि गावाभोवती उठलेल्या कॉलन्यांतली कितीतरी कुटुंबे कालपरवापर्यंत शहराच्याच मतदार यादीत होती.

म्हणून हा इतिहास निवडणुका आणि निकाल यांच्या अंगाने सांगायचा आहे. बागा किती, टाक्या किती, दिव्यांचे खांब किती, ही जंत्री महापालिकेच्या वार्षिक अहवालात असते. ती इथे पुन्हा उतरवून पाने भरण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरची नगरपालिका स्थापन झाली १२ ऑक्टोबर १८५४ रोजी. गादीवर चौथे शिवाजी, म्हणजे बाबासाहेब महाराज. पण कारभाराच्या नाड्या इंग्रजांच्या पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हातात. त्याच साली मेजर ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानावरचा जाडजूड अहवाल छापून निघाला. संस्थान मोजायचे, नोंदायचे आणि शिस्तीत बसवायचे, हा त्या काळाचा खाक्या होता आणि नगरपालिका त्याच खाक्यातून जन्मली. तिच्यात निवडून आलेला कुणी नव्हता. सरकारने नेमायचे, नेमलेल्यांनी झाडलोट, दिवाबत्ती आणि पाणी पाहायचे, एवढाच मामला. तीन वर्षांत १८५७ चे बंड कोल्हापुरातही पेटले. त्यानंतरच्या काळात कुणी लोकांना मत द्या म्हणण्याची शक्यताच उरली नाही. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा. पण तो ब्रिटिश मुलखासाठी. संस्थानी प्रजेपर्यंत त्याची झुळूक आली, वारा आला नाही.

पण कळंब्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट याच बिनमताच्या काळात घडली. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबाराने कळंबा तलाव बांधला आणि तिथून शहराला पाणी दिले. तलाव गावात, पाणी शहरात. आजही तलावाची मालकी महापालिकेची आहे. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागला की आधी कोल्हापूरकर फोटो काढायला येतात. भर उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ कुणी काढायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. दीडशे वर्षांच्या जवळ आलेली ही सोयरीक आहे. लग्नाच्या वेळी मुलीला कुणी विचारले नव्हते, एवढेच.

राजर्षी शाहूंचा काळ वेगळा. १८९४ मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले तेव्हा दरबारात आणि कचेऱ्यांत मूठभरांची मक्तेदारी होती. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम नोकऱ्यांपुरता होता. पण सत्तेत वाटा मिळाल्याशिवाय माणूस उठून उभा राहत नाही, हा विचार त्यामागे होता आणि पुढे पाऊणशे-शंभर वर्षांनी याच विचाराने महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या जागा ठरू लागल्या. गावगाड्याला अधिक जवळचा निर्णय १९१८ चा. कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आले. आरक्षणाच्या सोडतीला नाके मुरडणाऱ्या आमच्याकडच्या काही मंडळींनी हे एकदा वाचावे. सोडतीची चिठ्ठी मुंबईत निघत असली, तरी तिचे मूळ इथल्याच मातीत आहे.

१९३९ च्या फेब्रुवारीत जयसिंगपूरला प्रजापरिषद उभी राहिली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदी मंडळींनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापूरची नगरपालिका मुंबई राज्याच्या कायद्याखाली आली. तो १९२५ चा बरो नगरपालिकांचा कायदा. नाव आणि साचा इंग्लंडातून आलेला. प्रौढ मतदानाने निवडलेले नगरसेवक, त्यांच्यातून अध्यक्ष, समित्या, प्रश्नोत्तरे, सभात्याग असे सगळे इथून पुढे रुळत गेले.

इंग्लंडच्या बरोंची, म्हणजे तिथल्या नगरसंस्थांची, निवडणूक कशी होते हे पाहण्यासारखे आहे, कारण साचा एक असून संसार किती निराळे झाले ते त्यावरून कळते. तिथे मे महिन्याचा पहिला गुरुवार हा मतदानाचा ठरलेला दिवस. सदस्याची मुदत चार वर्षांची. काही बरोंमध्ये सगळे सदस्य एकदम निवडतात, तर काहींमध्ये दरवर्षी एक तृतीयांश, असे तीन वर्षे मतदान आणि चौथ्या वर्षी विश्रांती. ज्याचे बहुमत त्याचा नेता कारभार चालवतो. महापौर असला तर बहुतेक ठिकाणी समारंभापुरता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुठला पक्ष कुठल्या बरोत सत्तेत आला याचा तक्ता वर्तमानपत्रात येतो आणि प्रकरण मिटते.

आपल्याकडे प्रकरण तिथून सुरू होते. कारण आपल्या महापालिकेत निवडून आलेल्यांच्या हाती कारभाराची किल्लीच नसते. ती आयुक्तांच्या हाती, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने ही घडी घातली आणि इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या कायद्याने ती उचलली. महापौर सभा चालवतो, मानपत्र देतो, लाल दिव्याच्या काळात दिवा लावून फिरत असे. पैशाच्या निर्णयांची खरी जागा स्थायी समिती. तिचे सदस्य सोळा, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त. कोल्हापुरात महापौरपदाइतकीच, कधी त्याहून जास्त, चुरस या समितीच्या सभापतिपदासाठी होते ती उगीच नाही. इथल्या बोलीत ‘कारभारी’ हा शब्द महापौराला लावत नाहीत. सभागृहातल्या चारदोन जाणत्या, जोडण्या लावणाऱ्या नगरसेवकांना लावतात.

कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ रोजी. योगायोग असा, की इंग्लंडनेही आपल्या बरोंची फेरमांडणी करणारा मोठा कायदा १९७२ मध्येच केला. तिथे नव्या हद्दी आखल्या, जुने बरो मोडून नवे जोडले, आणि १ एप्रिल १९७४ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. कोल्हापुरात पाटी बदलली, हद्द बदलली नाही. १९४६ नंतर शहराची हद्द आजतागायत वाढलेली नाही. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६. या दोन आकड्यांमध्ये आमच्या गावाच्या सगळ्या भांडणाचे बीज आहे. त्याकडे पुढे येऊ.

महापालिका झाल्यावर पहिली काही वर्षे प्रशासकाची गेली. प्रशासक द्वारकानाथ कपूर यांचे नाव जुने कोल्हापूरकर अजून आदराने घेतात. रस्ते रुंद करताना त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही, असे सांगतात. लोकनियुक्त सभागृह आले ते १९७८ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. प्रशासक चांगला होता म्हणून लोकप्रतिनिधी नकोत, असा सूर तेव्हापासून आजपर्यंत अधूनमधून ऐकू येतो. मला तो पटत नाही. चांगल्या प्रशासकाची आठवण राहते कारण तो विरळा असतो. वाईट नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी दारात उभे करून विचारता येते.

पुढची दोन-अडीच दशके आघाड्यांची. पक्षाच्या चिन्हांवर सगळीकडे सरळ लढत हे कोल्हापुरात अलीकडचे प्रकरण. त्याआधी माणूस पाहून, पेठ पाहून, तालीम पाहून मत पडायचे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची ईर्षा फुटबॉलच्या मैदानावर दिसते तेवढीच मतपेटीत दिसायची. तालमीने शब्द दिला की दिला, मग उमेदवार कुठल्या पक्षाचा हा प्रश्न दुय्यम. या गोतावळ्यातून महादेवराव महाडिक यांची ताराराणी आघाडी उभी राहिली आणि बराच काळ महापालिकेतल्या जोडण्या त्यांच्या शब्दावर झाल्या. समोर पुढे सतेज पाटील आले. हसन मुश्रीफ, विनय कोरे हे जिल्ह्याचे नेते आपापल्या पक्षांसह उतरले. महापौर निवडीआधी नगरसेवकांना ‘सहली’ला नेणे, परत येताना थेट सभागृहात उतरवणे, हे प्रकार याच काळात रूढ झाले आणि कोल्हापूरच्या नावाला त्यांनी बट्टा लावला. या स्मरणिकेत हे लिहू नये असे म्हणणारे भेटतील. पण इतिहास म्हणजे सत्काराचा हार नव्हे.

त्या काळची मोजणी आज तिशीतल्या पोरांनी पाहिलेली नाही. कागदी मतपत्रिका, तिच्यावर शिक्का. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला की बाद की वैध, यावर टेबलाशी हुज्जत. आधी मिसळायच्या, मग चिन्हवार लावायच्या, मग गठ्ठे बांधायचे. वॉर्ड लहान, मते थोडी, त्यामुळे दहा-वीस मतांनी निकाल फिरायचा आणि फेरमोजणीची मागणी व्हायची. बाहेर हलगी, आत कागदांची सळसळ. मतदान यंत्र आल्यावर हा सगळा खेळ तासाभरावर आला. बाद मत नावाची गोष्टच संपली. शंका मात्र संपल्या नाहीत. त्या कागदावरून यंत्रावर सरकल्या.

दरम्यान राज्यघटनेनेच हात घातला. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. मुदत पाच वर्षे, मुदत संपण्याआधी निवडणूक, महिलांना आणि मागासांना राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. गावांसाठी ७३ वी दुरुस्ती त्याआधी महिनाभर, २४ एप्रिलला लागू झाली होती. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. ‘सौ.’ निवडून यायच्या आणि सभेत ‘श्री.’ बोलायचे, असे सुरुवातीला सर्रास चालले. आजही पूर्ण थांबलेले नाही. पण ज्यांना नवऱ्याच्या नावाची पाटी म्हणून उभे केले, त्यांतल्या कितीतरी जणींनी दुसऱ्या वर्षापासून फायली स्वतः वाचायला घेतल्या, हे शहरातही दिसले आणि आमच्या पंचायतीतही.

आता २०१५ चा निकाल. तो जरा थांबून पाहायला हवा, कारण कोल्हापूरचे राजकारण त्यात मावलेले आहे. मतदान १ नोव्हेंबरला, मोजणी २ नोव्हेंबरला. प्रभाग ८१, प्रत्येकी एक सदस्य, म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबाने प्रभागाला जेमतेम ६,८०० माणसे. राज्यात आणि केंद्रात भाजपचे सरकार, जिल्ह्याचे पालकमंत्री चंद्रकांत पाटील, आणि भाजपने ताराराणी आघाडीशी हातमिळवणी केलेली. शिवसेना वेगळी. काँग्रेस आणि राष्ट्रवादीही एकमेकांविरुद्ध. निकाल असा लागला: काँग्रेस २७, राष्ट्रवादी १५, भाजप आणि ताराराणी मिळून ३२, शिवसेना ४, अपक्ष ३. बहुमताला ४१ हवेत. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची बेरीज ४२. एकाने जास्त. निवडणुकीत एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन पक्ष निकालानंतर एका बाकावर बसले आणि काँग्रेसच्या अश्विनी रामाणे महापौर झाल्या.

त्या एका जादा मताने पाच वर्षांत काय काय करून घेतले ते पाहा. महापौरपदाची कायदेशीर मुदत अडीच वर्षांची. इथे ती दोन पक्षांत वाटली, मग पक्षांतर्गत वाटली, मग ‘ठरल्याप्रमाणे राजीनामा’ हा वाक्प्रचार शहराला पाठ झाला. अश्विनी रामाणे यांच्यापासून निलोफर आजरेकर यांच्यापर्यंत पाच वर्षांत आठ महापौर झाल्या. आठही महिला. याचा अभिमान बाळगावा की लाज, हे ठरवणे अवघड. इतक्या स्त्रिया शहराच्या प्रथम नागरिक झाल्या ही गोष्ट लहान नाही. पण काहींना खुर्चीवर बसून कामाची फाईल समजेपर्यंत राजीनाम्याचा निरोप आला, हेही तितकेच खरे. माझ्या मते हा महिलांना दिलेला मान नव्हता. मानाचे पद तुकडे करून वाटण्याची ती युक्ती होती आणि तुकडे महिलांच्या ओटीत पडले.

त्या निवडणुकीच्या मागे टोलचे प्रकरण होते, आणि त्यात कळंबा थेट ओढला गेला. महापालिकेने शहरातले ४९.४९ किलोमीटर रस्ते बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने एका खासगी कंपनीकडून करून घेतले. बदल्यात तीस वर्षे टोल. शहरात येणाऱ्या वाटांवर नाके उभे राहिले, त्यातला एक कळंब्याचा. करार करणाऱ्या सभागृहाला आम्ही निवडले नव्हते, पण दूध घालायला किंवा बाजाराला शहरात जायचे तर पैसे आम्ही द्यायचे. १७ ऑक्टोबर २०१३ ला वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आणि सर्वपक्षीय कृती समितीने उभारलेला लढा त्याआधीपासूनच चालू होता. १२ जानेवारी २०१४ ला नाके पेटले. पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. टोल गेलेला त्यांना पाहता आला नाही. २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारने टोल कायमचा रद्द केला. वेशीबाहेरच्या आणि वेशीच्या आतल्या माणसांनी एका मोर्चात चालावे, असे प्रसंग कोल्हापुरात फार आले नाहीत. हा एक आला.

दुसरे प्रकरण थेट पाईपलाईनचे. पंचगंगेचे पाणी बिघडत गेले तसे काळम्मावाडी धरणातून नळाने थेट पाणी आणण्याची मागणी जोर धरू लागली. तीन दशके हे आश्वासन प्रत्येक जाहीरनाम्यात फिरत राहिले. लोक चेष्टा करायचे, की पाईपलाईन आली तर पुढच्या निवडणुकीत बोलायचे काय? अखेर सुमारे ४८८ कोटींची, ५३ किलोमीटरची ही योजना मार्गी लागली आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी पुईखडीला पोचले. त्या पाण्याने आंघोळीचे फोटो निघाले, श्रेयाचे फलक लागले. तेव्हा सभागृहात एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता, ही त्यातली मौज.

कारण नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. आधी करोना, मग इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना कुणी करायची यावर सरकारांचे बदलते कायदे. घटना म्हणते मुदतीआधी निवडणूक घ्या. इंग्लंडने करोनामुळे मे २०२० च्या स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या, त्या एका वर्षाने, मे २०२१ मध्ये घेतल्या. आपल्याकडे पाच वर्षे उलटली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिला, नंतर पुन्हा मुदत घालून दिली, तेव्हा राज्यातल्या २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. एका पूर्ण सभागृहाच्या आयुष्याहून प्रशासकाचा काळ मोठा ठरला. या पाच वर्षांत रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची हे शहरातल्या माणसाला समजत नव्हते, असे आमचे शहरातले पाहुणे सांगत. आम्ही म्हणायचो, आमचा सरपंच सकाळी चहाच्या गाड्यावर सापडतो.

या वेळी खेळाचा पटच बदलला होता. जागा ८१ त्याच, पण प्रभाग फक्त २०. एकोणीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाचाचा. एकेका प्रभागात २७ हजारांच्या आसपास लोकसंख्या आणि मतदाराने चार-चार बटणे दाबायची. तालमीचा शब्द, भावकीची गणिते ही सहा-सात हजारांच्या वस्तीत चालतात. सत्तावीस हजारांत ती विरघळतात आणि पक्षाचे पॅनेल, पक्षाचा पैसा, पक्षाची यंत्रणा वर येते. निकालात ते लख्ख दिसले. काँग्रेस ३४ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष. पण भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी या महायुतीची बेरीज ४५. अपक्ष हा कोल्हापूरच्या सभागृहातला जुना जिन्नस जवळजवळ नाहीसा झाला. २०१५ मध्ये काँग्रेस पहिली आली आणि बेरजेने सत्तेत गेली. २०२६ मध्ये जास्त जागा घेऊन पहिली आली आणि बेरजेनेच बाहेर राहिली. कोल्हापुरात पहिला कोण याला किंमत नाही, दुसरा-तिसरा कुणाकडे जातो याला आहे. नव्या प्रभागरचनेने लोकांपासून नगरसेवक लांब गेला, असे माझे मत आहे. चौघे मिळून एका प्रभागाचे म्हटल्यावर गटारीची तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे ढकलायला जागा होते.

आमच्या ग्रामपंचायतीचा इतिहास या लेखाचा विषय नाही, पण तुलना टाळता येत नाही. पंचायतीच्या कायद्याला १९५८ सालचे नाव आहे. पंचायतीत सदस्य सातपासून जास्तीत जास्त सतरा. पक्षाचे चिन्ह नाही. कपबशी, नारळ, छत्री अशी मुक्त चिन्हे. म्हणून निकालानंतर प्रत्येक पक्ष ‘सरपंच आमचाच’ म्हणतो आणि कुणालाच खोटे पाडता येत नाही. सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांतून, यावर राज्य सरकारने २०१७ मध्ये एक ठरवले, २०२० मध्ये उलटे केले, २०२२ मध्ये पुन्हा सुलटे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला उभे राहता येत नाही. कितीतरी तयारीचे गडी या एका तारखेने घरी बसवले. विधानसभेला मात्र आम्ही आणि शहरातले काही प्रभाग एकाच ‘कोल्हापूर दक्षिण’ मतदारसंघात. २००९ पासून तिथे सतेज पाटील आणि महाडिक यांच्याच दोन घरांत लढत, आणि महापालिकेतले डावपेच आमच्या गल्लीत प्रचाराला येतात ते या वाटेने.

राहता राहिली हद्दवाढ. शहर म्हणते, १९४६ च्या कपड्यात आता अंग मावत नाही. जागा नाही, उत्पन्न नाही, केंद्राच्या योजना लोकसंख्येवर मिळतात त्या हुकतात. गावे म्हणतात, घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील, आणि आहे त्याच शहराला धड पाणी-रस्ते देता येत नाहीत तर आम्हाला काय देणार? प्रस्ताव आले, मोर्चे निघाले, गावे बंद राहिली. सरकारने मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे नागरी विकास प्राधिकरण केले. कळंबा त्यात आहे. बांधकाम परवान्यासाठी आणखी एका कचेरीत जावे लागू लागले, याखेरीज त्यातून मोठेसे काही उभे राहिलेले आमच्या डोळ्यांना दिसलेले नाही. कळंब्याच्या बाजूने स्पष्ट लिहायचे तर, हद्दवाढीला विरोध हा शहराला विरोध नाही. पाणी दिले ते मत न विचारता दिले, टोल भरला तो मत न विचारता भरला. आता हद्द बदलायची तर ती अधिसूचनेने नको, गावसभेत मतदान घेऊन बदला. आणि शहरात यायचे ठरलेच, तर पहिल्या निवडणुकीपासून आमचे प्रभाग आमच्या गावाच्या नावाने असावेत.

शेवटी वाचकांना एक विनंती. निवडणुकांची सरकारी कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. नगरपालिकेच्या काळातली आणि १९७८ पासूनच्या महापालिका निवडणुकांची हँडबिले, वॉर्डवार निकालाची कात्रणे, जुन्या मतदार याद्या, उमेदवारांची परिचयपत्रके कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, तालमीच्या कपाटात पडली असतील, तर ती रद्दीत घालू नका. तसेच कळंबा ग्रामपंचायतीच्या जुन्या निवडणुकांची पॅनेलपत्रकेही. मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा, झेरॉक्स तेवढी संपादक मंडळाकडे द्या. पुढच्या आवृत्तीत ती सालवार लावून छापता येतील.